वाटेत बोलायचं नसतं

"अहो बाई, या वाटेनं पुढं पाणी मिळेल का कुठं?"

मी उत्तर दिलं नाही.

"विहीर, झरा, काहीही चालेल. सकाळपासून हिंडतोय."

मी पदराखालची मूठ आणखी आवळली आणि त्याच्या बाजूनं पुढं गेले. फाल्गुनातलं ऊन डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या कातळावर तापत होतं. त्या माणसाच्या डोक्याला टोपी होती, पाठीला पिशवी होती आणि बगलेत लाकडी चौकटीत आवळलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. मला बोलवायला आलेले बापा परब माझ्या पुढं चालत होते. त्यांनी मागं वळून त्या माणसाला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. कुणीही शहाणा माणूस तेवढ्यावर थांबला असता. हा आमच्या मागोमाग आला.

साप चावलेल्या माणसाकडे औषध घेऊन निघालं की वाटेत बोलायचं नसतं. बोललं की औषधाचा गुण जातो. हा आमच्या घराचा नियम. आणखीही होते. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत. ताटावर असलं तरी हात धुवून उठायचं. पाल्याचं नाव कुणालाही सांगायचं नाही, सांगितलं की औषध मेलं आणि पुढची माणसंही मेली. आणि औषध ज्याच्या हातात आहे त्यानं गावाच्या वेशीबाहेर रात्र काढायची नाही. माझे वडील दाजी मेस्त्री धंद्यानं सुतार, पण पंचक्रोशीत ओळखले जायचे ते या औषधासाठी. त्यांना मुलगा नव्हता. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांनी ते माझ्या हाती दिलं आणि वर्षभरात गेले. त्यानंतर मला दोन स्थळं आली आणि वेशीचा नियम ऐकून दोन्ही परत गेली. मी सत्तावीस वर्षांची झाले होते.

परबांच्या अंगणात बापांची सून बसली होती. लाकडं काढताना पायाला फुरसं डसलं होतं. मी मुठीतला पाला तिला चावायला दिला. मग पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला आणि जिथवर सूज चढली होती तिथं तिच्या पायाभोवती रेघ ओढली. ओठ वर करून हिरड्या बघितल्या. घोटभर पाणी घेतलं आणि खांबाला टेकून बसले. लोक हात जोडून उभे होते. अर्ध्या तासानं सूज रेघेच्या दोन बोटं वर गेली होती.

"खाऱ्या पाण्यापलीकडं नेवा," मी म्हटलं. "विष खारा पाणी ओलांडणा नाय."

धाकू तारी खाली धक्क्यावर होडी सोडून तयारच होता. आमच्या औषधाला निम्मा हात त्याचा. बाईला उचलून खाली नेलं, होडीत घातलं, आणि धाकूनं अशी वल्ही मारली की बघता बघता होडी खाडीच्या मध्यावर गेली. पलीकडच्या काठाला सरकारी दवाखाना होता. तिथले डॉक्टर सुई टोचायचे, टोचू देत, त्यानं काय बिघडतं, असं आमचे लोक म्हणायचे. तिसऱ्या दिवशी बापांची सून चालत घरी आली आणि माझ्या दारात नारळ ठेवून गेली.

तो माणूस हे सगळं अंगणाच्या दगडी गडग्याला टेकून बघत होता. होडी दिसेनाशी झाल्यावर जवळ आला.

"ते पान कसलं होतं?"

"पान होतं," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही, पण घरी जाताना वाटेत एकदा आठवून हसले, हे कबूल करते.

ते डॉक्टर उल्हास आगाशे. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, झाडापेडांचे. पुण्याच्या एका संस्थेत वनस्पतींवर संशोधन करायचे आणि कोकणातली गावठी औषधं लिहून काढायला आले होते. शाळेमागची खोली त्यांना दिली होती. रोज सकाळी सड्यावर जायचे, फांद्या तोडायचे, वर्तमानपत्रात दाबायचे आणि खाली नाव, गाव, तारीख लिहायचे. आठवडाभरात त्यांना समजलं की नावं विचारायची तर अंबू मेस्त्रीला विचारावीत. मी दहावी झालेली, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकत होते. आणि दाजींबरोबर लाकडासाठी रानात हिंडून मला झाडं माहीत होती.

मी बरोबर जायला लागले. आधी हातभर अंतर ठेवून, मग तेवढंही नाही. गावाला दिसत होतं. दिसू दे म्हटलं. आठ वर्षं गावाच्या माणसांसाठी मी कडी उघडी ठेवून झोपत होते. गावानं महिनाभर डोळे मिटले तर त्यांचं काय जाणार होतं?

त्यांच्याकडे एक भिंग होतं, दोरीनं गळ्यात अडकवलेलं. एकदा करवंदीच्या फुलावर धरून त्यांनी मला बघायला लावलं आणि मग माझा हात धरून बोटावर धरलं.

"हे पांढरं काय आहे नखाच्या कडेला?"

"चुना."

"तू पान खात नाहीस."

"नाही खात."

त्यांनी हात सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही. इतका हुशार माणूस, भिंगातून माझ्या नखातला चुना बघत होता, आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. त्याला पान हवं होतं. चुन्याचं काय करायचं होतं त्याला? आज इतक्या वर्षांनी ते आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

चैत्र संपता संपता त्यांनी विचारलं. सड्यावर, भर दुपारी, काजूच्या सावलीत.

"अंबू, माझ्याशी लग्न करशील?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "मला वेशीबाहेर राहता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"एका पानासाठी?"

"हो."

"मग ते पान मला दे. मी प्रयोगशाळेत तपासतो. गुण असेल तर सगळ्या देशाला मिळेल. मग तू कशाला इथं बसून राहायचं?"

"नाव सांगायचं नसतं."

तेव्हा ते चिडले. मी त्यांना त्याआधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "माणसं मरतात, अंबू. दर पावसाळ्यात, गावोगाव. आणि तू मुठीत औषध धरून बसली आहेस. कशासाठी? घराण्याच्या मानासाठी? ह्याला मी पाप म्हणतो."

पाप. दाजींच्या औषधाला त्यांनी पाप म्हटलं. मला ते सोसलं नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी उठून घरी गेले असते. पण हा माणूस आयुष्यभर माझ्याबद्दल असं मनात धरून राहील, हे मला सहन होईना. प्रेम म्हणतात ते हेच असावं. आठ वर्षं घट्ट आवळलेली मूठ मी त्या दुपारी आपण होऊन उघडली.

"पान नाहीच आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"परबांच्या सुनेला दिला तो अडुळसा होता. त्याच्या आधीच्या माणसाला पेरूचा पाला दिला. जो हाताला लागेल तो. औषध असं काही नाही. कधी नव्हतंच."

मग मी सगळं सांगितलं. दाजी तरुण असताना गावातल्या एकाला लोकांनी थेट पलीकडच्या दवाखान्यात नेलं होतं. फार उशिरा नेलं होतं. सुई टोचली आणि तो दगावला. सुईनं मारला, असं गावानं ठरवून टाकलं. त्यानंतर कुणीही दवाखान्याची पायरी चढेना. डोंगरावरचा घाडी मंत्र म्हणून कोंबडं उतरवायचा, अंगारा लावायचा आणि माणूस तिथंच अंगणात रक्त ओकत मरायचा. दाजींनी दोन वर्षांत पाच जण तसे गेलेले पाहिले. मग ते पलीकडे जाऊन डॉक्टरांजवळ बसले. कुठल्या सापाचे दात कसे उमटतात, सूज कशी चढते, हिरड्यांतून रक्त कधी येतं, सगळं शिकून आले. आणि गावाला सांगितलं, मला दृष्टान्त झाला, पानाचं नाव कळलं.

"रेघ सूज मोजायला," मी म्हटलं. "फुरशाचं असेल तर चढते, साधं जनावर असेल तर नाही. विष असेल तर खाऱ्या पाण्यापलीकडे. पलीकडे दवाखाना आहे. डॉक्टर बदलले की जुने डॉक्टर नव्याला सांगून जातात. वाटेत बोलायचं नाही, कारण बोललं की लोक दहा प्रश्न विचारतात आणि वेळ जातो. वेशीबाहेर राहायचं नाही, कारण हाक आली की मी घरात सापडले पाहिजे. आता सांगा, कुणाचं पाप?"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, समजलं यांना. एवढ्या मोठ्या जगात एका तरी माणसाला समजलं.

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी शपथ घातली नाही. ज्याच्याशी संसार करायचा त्याला शपथ कसली घालायची?

ते आईशी बोलून येतो म्हणून पुण्याला गेले. ठरलंही होतं आमचं. धाकूच्या बायकोला मी हळूहळू शिकवणार होते, रेघ कशी ओढायची, हिरड्या कशा बघायच्या. वर्षभरात तिच्या हाती दिलं असतं आणि मग मी वेस ओलांडली असती.

तिसऱ्या आठवड्यात रविवारची पुरवणी आली. आमच्या गावात वर्तमानपत्र शाळेच्या मास्तरांकडे यायचं, तेही एक दिवस उशिरा. मास्तरांनी ती देवळात नेली आणि मोठ्यानं वाचली. मी तिथं नव्हते. नंतर मी तो लेख इतक्या वेळा वाचला की आजही म्हणून दाखवू शकेन. गावाचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. खाडीकाठचं एक गाव, सुताराची मुलगी, सर्पदंशावरचं गुप्त पान. शेजारच्या तालुक्यातल्या लोकांनाही कळावं इतकी ती झाकपाक तोकडी होती. आणि शेवटी ठसठशीत अक्षरांत, तिनं स्वतः माझ्याजवळ कबूल केलं की औषध म्हणून काही नाहीच.

रेघेबद्दल एक ओळ नव्हती. हिरड्यांबद्दल नव्हती. खाऱ्या पाण्यापलीकडे काय आहे याबद्दल अवाक्षर नव्हतं.

संध्याकाळी धाकू आला. अंगणात उभा राहिला, आत आला नाही. चाळिशीचा माणूस, हाताला वल्ह्याचे घट्टे, आणि लहान पोरासारखा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"अंबू, मास्तरान वाचल्यान ता खरा काय गो?"

मी चुलीपुढून उठले नाही.

"तू एकदा म्हण, खोटा म्हणान. बाकीच्यांची तोंडा मी गप करतंय."

मी एक शब्द बोलायला हवा होता. खोटा म्हणायचं, किंवा आत ये, बस, सगळं सांगते म्हणायचं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. पण मी रागानं पेटले होते. त्या पुण्याच्या माणसावर, मास्तरांवर, देवळात बसून माना डोलावणाऱ्या गावावर. सकाळपासून एक बाई माझ्या दारात आली नव्हती. आठ वर्षं ज्यांच्यासाठी घास टाकून धावले त्यांना एका कागदानं फिरवलं.

"धाकूदादा, जा घराक," मी म्हटलं. "माका कोणाशी बोलूचा नाय."

आणि दार लावलं. त्याच्या तोंडावर लावलं.

वैशाख संपता संपता आगाशे आले. एसटीतून उतरून थेट माझ्याकडे. हातात साडीचं खोकं होतं.

"आईनं होकार दिला," ते दारातूनच म्हणाले. "आणि आता तुला कुणी अडवणार नाही. वाचलंस ना? मी तुला मोकळं केलं, अंबू."

माणूस खरंच खूश होता. तेच मला जास्त झोंबलं. मुद्दाम दगा दिला असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं मला मोकळं करायला?"

"पण तूच म्हणालीस, पान नाहीच. मग एवढी वर्षं या गावानं तुला..."

"गावानं काही केलं नाही. मी केलं. मी माझ्या मनानं बसले होते इथं. रेघेचं का नाही लिहिलंत?"

त्यांची मान खाली गेली. "लिहिलं होतं. शेवटचे दोन परिच्छेद त्याबद्दलच होते, दवाखान्याबद्दल, तुझ्या वडिलांबद्दल. संपादकांनी कापले. जागा कमी पडली."

"जागा कमी पडली," मी म्हटलं.

"मी त्यांना पत्र लिहिलंय. पुढच्या महिन्यात खुलासा..."

पुढचं वाक्य राहिलं, कारण त्याच वेळी धाकूची बायको गडग्यावरून हाक मारत आली. धाकूला फुरसं चावलं होतं. आदल्या दिवशी सकाळी. पावसाआधी गडगा नीट करायला चिरे उचलत होता, हाताला डसलं. आणि तो माझ्याकडे आला नव्हता, खाडीकडेही गेला नव्हता. डोंगर चढून घाडीच्या अंगणात जाऊन बसला होता.

मी धावले. आगाशे मागून धावले.

घाडीच्या मांडवात धाकू भिंतीला टेकून होता. हात खांद्यापर्यंत भोपळ्यासारखा फुगला होता. समोर तांदळाचे ढीग आणि मान मुरगळलेलं कोंबडं. मी त्याचा ओठ वर केला. दातांच्या मुळाशी रक्त साचलं होतं. रेघ ओढायची गरजच उरली नव्हती.

"दादा, चल. होडयेत बस. मी वल्हवतंय."

"खंय?"

"पलीकडं. डॉक्टराकडं. पाना खोटी होती, दादा, पण सुई खरी आसा. तू नेललंस ती सगळी माणसां सुयेन वाचली."

धाकूच्या नजरेत राग होता, आणि तो विषाचा नव्हता.

"बारा वर्सां मी वल्हवलंय," तो म्हणाला. "तुझ्या बापाशीच्या वेळेपासून. पावसात नेलंय, वादळात नेलंय. म्हटलंय, देवाचा काम आसा. आणि तुमी बापलेकीन माका पेरवाचो पालो दाखवलास."

"दादा, तुका सांगूक व्हया होता. चुकलंय मी."

"मगे कित्याक सांगूक नाय? आमी काय ढोरां? सुई खरी म्हणान सांगलं असतंस तर आमका समाजला नसता काय?"

दाजींच्या वेळी नसतं समजलं. पण दाजींना जाऊन सात वर्षं झाली होती, आणि या माणसानं माझ्या समोर कितीतरी जीव पलीकडे पोचवले होते. त्याला समजलं असतं. त्याला सगळ्यांत आधी समजलं असतं. मला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

आगाशे पुढं झाले. "हे बघा, सर्पविषावरची लस हाच एकमेव उपाय आहे. मी शास्त्रज्ञ आहे, मी सांगतो तुम्हाला."

"तुमीच लिवलास ना, सगळा खोटा म्हणान?"

"ते पानाबद्दल लिहिलं मी. इंजेक्शनबद्दल नाही."

"मगे सुयेचा खंय लिवलास?" धाकूनं विचारलं. "मास्तरान सगळा वाचल्यान. सुयेचा नाव नाय होता."

आगाशे मागं सरले. शिकलेल्या माणसाला एका तारवाच्या माणसानं गप्प केलेलं मी तेव्हाच पाहिलं. घाडी म्हणाला, "जेच्यावरचो विश्वास उडालो, तेच्या हातान गुण येवचो नाय. तू जा बाये." आणि धाकूच्या भावांनी मला हाताला धरून मांडवाबाहेर काढलं. ते उद्धटपणे वागले नाहीत. त्यांची मला कीव येते, आणि रागही येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकूनं रक्त ओकायला सुरुवात केली तेव्हा भावांना धीर निघेना. त्यांनी त्याला खाली आणला, होडीत घातला. वल्ही मारायला गावात धाकूसारखा दुसरा नव्हता. त्या दिवशी ओहोटी होती. होडी खाडीच्या मध्यावर वाळूला लागली, आणि तिथंच, दवाखान्याची कौलं दिसत असताना, धाकू गेला. मी धक्क्यावर उभी होते. भाऊ होडी ढकलायचे थांबले, तेव्हा मला समजलं.

आगाशे गेले नाहीत. आठ दिवस राहिले. गावानं त्यांना एक शब्द बोलून दाखवला नाही. शहरातला शिकलेला माणूस, त्याला कोण बोलणार? सगळं माझ्यावर आलं. खोटारडी मी, गावाला फसवणारी मी. आगाशे रोज सकाळी आमच्या पाणंदीत गडग्याजवळ येऊन उभे राहायचे. दारातून दिसायचे. मी पाण्याला मागच्या विहिरीवर जायला लागले. एक चिठ्ठी दाराखालून आली. 'एकदा बोलू दे. फक्त एकदा.' मी ती चुलीत घातली.

बोलायला मिळालं असतं तर ते काय बोलले असते ते मला पाठ होतं. चूक झाली. हेतू चांगला होता. जागा कमी पडली. आणि बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि मी मूर्ख, मला ते पाणी खरं वाटलं असतं, कारण ते खरंच असणार होतं. माझी तीच भीती होती. त्या माणसावरचं माझं मन अजून उडालेलं नव्हतं. धाकूची राख खाडीत पडून तीन दिवस झाले होते आणि मी गडग्याकडे बघून पदर नीट करत होते. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला.

नवव्या दिवशी सकाळी मी उठले. अंगणातल्या झाडाचा पाला ओरबाडला, मुठीत धरला, मूठ पदराखाली घेतली, ओठ मिटले आणि पाणंदीत उतरले.

ते गडग्याजवळच होते. मला येताना बघून पुढं आले. "अंबू..." म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

त्या मुठीत काहीच नसतं, हे जगात एका माणसाला सगळ्यांत पक्कं माहीत होतं. त्यानं ते छापून आणलं होतं. त्यांनी तोंड मिटलं. चेहरा उतरला. काही न बोलता ते वाटेतून बाजूला झाले, गडग्याच्या चिऱ्यांवर चढून उभे राहिले, आणि त्यांनी हात जोडले. माझ्यासाठी नव्हे, पुढं कुठल्या तरी अंगणात वाट बघत पडलेल्या माणसासाठी. तेवढं त्यांना आता समजलं होतं.

मी त्यांच्या जवळून गेले. इतक्या जवळून की त्यांच्या गळ्यातलं भिंग दिसलं. त्यांच्याकडे बघितलं नाही. वाटेत बोलायचं नसतं.

दुपारच्या एसटीनं ते गेले. परत आले नाहीत. पुढं खाडीवर पूल झाला, दवाखान्यात रात्रंदिवस गाडी मिळायला लागली, आता साप चावला की लोक सरळ तिकडे जातात आणि वाचतात. झालं ते बरंच झालं. मी चौसष्ट वर्षांची आहे, आणि अजूनही वेशीबाहेर रात्र काढलेली नाही.

त्या सकाळी मी पाणंदीतून वळले ती खाली धक्क्यावर गेले. धाकूची होडी वाळूत पालथी घातली होती. तिच्या बुडाला टेकून बसले. वर सड्यावरून एसटीचा भोंगा ऐकू येईपर्यंत बसले. मग मूठ उघडली. पेरूची पानं होती, घामानं काळी पडलेली. ती पाण्यात टाकली आणि हात धुतले. मला त्या दिवशी कुणीही बोलवायला आलं नव्हतं.